दोन खोऱ्यांमधला डोंगर : भुलेश्वर

पुण्याच्या नैर्ऋत्येला सिंहगडापासून फुटणारी, दिवे घाटावरून पूर्वेकडे सरकत जाणारी आणि पाटसच्या दक्षिणेला रोटी गावाच्या आसपास माळरानात जवळजवळ विरून जाणारी जी डोंगररांग आहे, तिला भूगोलाच्या पुस्तकांत सिंहगड–भुलेश्वर रांग म्हणतात. रांगेच्या दोन नावांपैकी पहिले इतके प्रसिद्ध आहे, की दुसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही रांग म्हणजे एक जलविभाजक आहे, म्हणजे पावसाचे पाणी जिच्या माथ्यावर दोन दिशांना वाटले जाते अशी उंच कड. उत्तर उतारावरचे पाणी मुळा-मुठेला आणि पुढे भीमेला मिळते, तर दक्षिण उतारावरचे पाणी कऱ्हेत उतरून नीरेला जाते. आणि माथ्यावर वेगळे झालेले हे दोन्ही प्रवाह शेवटी नीरा नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमात पुन्हा एकत्र येतात. उत्तरेकडच्या सखल पट्ट्याला भीमथडी आणि दक्षिणेकडच्या उंचसखल मुलखाला कऱ्हेपठार म्हणण्याचा प्रघात जुना आहे. घोड्यांसाठी नावाजलेली भीमथडी आज मुख्यत्वे दौंड तालुक्यात मोडते आणि कऱ्हेपठार पुरंदर व बारामती तालुक्यांत. यवतच्या दक्षिणेला या दोन मुलखांच्या सीमेवर भुलेश्वराचा डोंगर उभा आहे. तो पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावाच्या हद्दीत येतो. हे माळशिरस सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाहून वेगळे असून दोहोंची गल्लत नेहमी होते.

भुलेश्वराविषयी लिहिताना बहुतेक लेखक देवळातील शिल्पांपासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात, ही गोष्ट शिल्पांच्या मोलाला साजेशी असली तरी डोंगराच्या इतिहासाला पुरेशी नाही. हा डोंगर कोणी, केव्हा आणि कशासाठी चढले हे पाहू गेल्यास असे दिसते, की त्याच्या पायथ्याशी असलेल्या मैदानाची गरज जशी बदलत गेली तसे डोंगराचे कामही बदलत गेले. कधी तो देवाचे ठिकाण झाला, कधी कारभाराचे, पुन्हा देवाचे आणि अखेरीस शहरातील माणसाच्या एका दिवसाच्या सहलीचे. या सगळ्या बदलांत एक गोष्ट मात्र कायम राहिली. रांग ओलांडणाऱ्या मोठ्या वाटा भुलेश्वराच्या पश्चिमेला दिवे घाटातून आणि पूर्वेला रोटीच्या घाटातून गेल्या, आणि त्यामुळे भुलेश्वर हे वाटेतले ठिकाण न होता मुद्दाम वळून जाण्याचे ठिकाण राहिले.

सारी रांग दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांची आहे. हे थर सारखे झिजत नाहीत. मऊ थर लवकर खचतो आणि कठीण थर पायरीसारखा मागे उरतो, म्हणूनच येथील डोंगर माथ्याला सपाट व अंगाला टप्प्याटप्प्यांचे दिसतात. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो, आणि भुलेश्वरापर्यंत येता येता पर्जन्यछायेचा, म्हणजे घाटमाथ्याने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या प्रदेशाचा, अंमल पूर्णपणे सुरू झालेला असतो. रांगेच्या पश्चिम टोकाला रान आहे तर या टोकाला गवत, बाभूळ आणि उघडा खडक. पावसाळ्याचे तीन-चार महिने हे गवत हिरवे असते आणि डोंगराच्या रमणीयतेची ख्याती प्रामुख्याने त्या महिन्यांवर अवलंबून आहे. उरलेल्या वर्षात त्याचा पिवळट-तांबूस रंग सर्वांनाच रुचतो असे नाही. याच माळरानाचा दक्षिणेकडील एक तुकडा सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य म्हणून १९९७ साली राखून ठेवण्यात आला. क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्य म्हणून अगदीच लहान. पण चिंकारा या लहान हरणाला लागणारे उघडे, काटेरी माळरान तेथे शिल्लक आहे.

डोंगरावरील शिवमंदिर यादवकाळातले, साधारण तेराव्या शतकातील मानले जाते. महाराष्ट्रात या काळातील कोणत्याही दगडी देवळाला हेमाडपंती म्हणण्याची सवय आहे. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावरून रूढ झालेला हा शब्द मूलतः चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून उभारलेल्या बांधणीसाठी वापरला जातो, आणि त्यातून बहुधा साध्या, भक्कम, अलंकार कमी असलेल्या देवळांचे चित्र उभे राहते. भुलेश्वर या चित्रात बसत नाही. येथे गाभाऱ्याच्या बाह्य भिंती सरळ न जाता कोनाकोनांनी आत-बाहेर होत तारकेचा आकार घेतात, आणि प्रत्येक कोनावर मूर्तीसाठी जागा तयार होते. या तारकाकृती विधानामुळे, म्हणजे जमिनीवर आखलेल्या ताऱ्यासारख्या आराखड्यामुळे, ऊन-सावलीचा खेळ भिंतीवर सतत बदलता राहावा अशी योजना होती. पुढे भोवताली उंच भिंत उभी राहून प्रदक्षिणेचा मार्ग बंदिस्त झाला आणि आज त्या मूर्ती जाळ्यांतून व झरोक्यांतून येणाऱ्या तिरप्या उजेडात पाहाव्या लागतात.

भिंतींवर सुरसुंदरी आहेत, म्हणजे आरसा पाहणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या, शृंगारात मग्न अशा अप्सरासदृश स्त्रिया. खालच्या पट्ट्यांत हत्ती आणि इतर प्राणी आहेत. आणि महाभारतातील प्रसंग आहेत, त्यांत शरशय्येवरील भीष्म आणि द्रौपदीचे स्वयंवर हे जाणत्यांनी आवर्जून दाखवावेत असे. परंतु अभ्यासकांना सर्वांत अधिक आकर्षण वाटते ते बैठकीतल्या एका स्त्रीरूपी गणेशाचे. गजमुख, स्त्रीदेह आणि आसनाखाली उंदीर अशी ही मूर्ती आहे. वैनायकी किंवा गणेशाची शक्ती या नावांनी ओळखले जाणारे हे रूप तांत्रिक परंपरेत आणि योगिनींच्या गणनेत येते. उत्तर व मध्य भारतात त्याची उदाहरणे आहेत, पण महाराष्ट्रात ते विरळाच. मोरगावचा मयूरेश्वर, अष्टविनायकांतील पहिला गणपती, याच कऱ्हेच्या खोऱ्यात काही कोसांवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच मुलखात गणेशाची एक प्रतिमा लाखोंच्या यात्रेची धनी व्हावी आणि दुसरी अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात वाटाड्याच्या बोटावर अवलंबून राहावी, याचे नवल वाटल्याखेरीज राहत नाही.

अनेक मूर्तींचे चेहरे आणि हात फोडलेले आहेत. ही नासधूस परकीय स्वारीची, असे सर्रास सांगितले जाते. तेवढ्याच सहजपणे असेही सांगितले जाते, की देऊळ ओळखू येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम भिंतींच्या आवरणात लपवले. दुसऱ्या समजुतीत तथ्याचा अंश शोधायचा तर बाहेरून दिसणारे रूप पाहावे. समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला प्रथम दिसते ती घुमटांची आणि बुरूजवजा कोपऱ्यांची इमारत. दारातून आत शिरल्यावर भिंतीआडच्या अरुंद, काळोख्या जिन्याने वर चढावे लागते आणि त्यानंतरच भव्य नंदी व मंडप समोर येतात. मात्र याचे अधिक साधे स्पष्टीकरण असे, की देऊळ एका किल्ल्याच्या आत सापडले आणि पुढे त्याची डागडुजी चुना-विटांच्या, घुमट बांधणाऱ्या मराठाकालीन गवंड्यांनी केली. चार-पाचशे वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन बांधकामपद्धती एकमेकींवर चढल्या तर जे दिसेल तेच येथे दिसते. लपवण्याची कथा अधिक रंजक आहे, एवढेच.

किल्ल्याचे नाव दौलतमंगळ, क्वचित मंगळगड. तो डोंगरावर का आला हे समजण्यासाठी पुण्याची १६३० च्या सुमाराची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. निजामशाही मोडकळीस आली होती, मोगल दक्षिणेत उतरले होते, आणि शहाजीराजे भोसले या सत्तांच्या दरम्यान आपली पुणे-सुप्याची जहागीर सांभाळण्याच्या खटपटीत होते. अशा वेळी आदिलशाहीचा बलाढ्य सरदार मुरार जगदेव याने पुण्यावर चाल करून कसबा जाळला, तट पाडला आणि परंपरेनुसार गाढवांचा नांगर फिरवून जागा ओसाड ठरवली. त्याच काळात, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. संत तुकारामांच्या घराची ज्या दुष्काळात वाताहत झाली असे चरित्रकार सांगतात तो हाच. पुणे बेचिराख झाल्यावर या मुलखाचा कारभार पाहण्यासाठी दुसरे ठिकाण हवे होते, आणि मुरार जगदेवाने त्यासाठी भुलेश्वराचा डोंगर निवडून तेथे किल्ला बांधला.

ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. माथ्यावरून उत्तरेला भीमथडीचे सपाट मैदान यवतपासून पाटसच्या दिशेने दूरवर नजरेत येते आणि दक्षिणेला कऱ्हेपठार. म्हणजे पुणे आणि सुपे या दोन्ही मुलखांवर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवता येते. डोंगर फार उंच नसल्यामुळे दाणागोटा वर चढवणे सोपे, आणि मैदानातून येणारे घोडदळ लांबून दिसत असल्यामुळे बेसावध गाठले जाण्याचे भय कमी. पुरंदर किंवा सिंहगड यांच्यासारखा वेढ्यात तग धरणारा हा दुर्ग नव्हता. वसुलीच्या आणि बंदोबस्ताच्या ठाण्याला तटबंदी केली, असे त्याचे स्वरूप म्हणावे लागेल. आजही चढणीच्या वाटेवर त्याचे बुरूज आणि तटाचे अवशेष लागतात, आणि देवदर्शनाच्या ओढीने जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना आपण एका किल्ल्यातून चाललो आहोत याची जाणीवही नसते.

ठाण्याचे महत्त्व फार टिकले नाही. मुरार जगदेव १६३३ मध्ये भीमा, भामा व इंद्रायणी यांच्या संगमावरील नागरगावी आपल्या हत्तीच्या भाराइतके दान करण्यासाठी आला, आणि हत्ती नावेत चढवून पाण्याची खूण धरण्याची युक्ती शहाजीराजांनी त्याला सुचवली, अशी प्रसिद्ध हकिकत आहे. गावाला तुळापूर हे नाव त्या तुलादानावरून मिळाले. दोन वर्षांनी, १६३५ मध्ये, विजापूर दरबारच्या अंतर्गत वैरात त्याचा अंत झाला. १६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीत रुजू झाले, पुण्याची जहागीर त्यांच्याकडे कायम राहिली, आणि दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली उजाड कसब्याची पुन्हा वसाहत सुरू झाली. पुणे उभे राहताच दौलतमंगळाची गरज संपली. शिवकाळाच्या मोठ्या घडामोडी पुरंदर, सिंहगड, सुपे अशा आसपासच्या ठिकाणी घडल्या. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी सुप्याचे ठाणे संभाजी मोहिते यांच्याकडून काढून घेतले ते भुलेश्वरापासून एका दिवसाच्या वाटेवर, पण त्या हालचालींत या किल्ल्याला प्रमुख स्थान नाही. या रांगेवर पुन्हा किल्ला उभा राहिला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तोंडाशी, सोनोरीचा मल्हारगड. तोही पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी बांधला आणि दिवे घाटाच्या बाजूला, म्हणजे जिकडे वाट होती तिकडे.

किल्ला ओसरल्यावर देव पुन्हा पुढे आला. छत्रपती शाहू आणि पहिला बाजीराव यांना गुरुस्थानी असलेले धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, जे १७४५ मध्ये समाधिस्थ झाले, त्यांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला असे परंपरा सांगते. घुमट, चुन्याचा गिलावा आणि नगारखाना यांची धाटणी अठराव्या शतकाशी जुळणारीच आहे. डोंगराच्या देवत्वाची कथाही लोकांच्या तोंडी राहिली, ती अशी की पार्वतीने येथे नृत्य करून शंकराला मोहित केले आणि मग दोघे विवाहासाठी कैलासाला गेले. गाभाऱ्यातील पिंडीची वरची शिळा काढता येते आणि खालच्या पोकळीत ठेवलेल्या पेढ्यांपैकी काही नाहीसे होतात, ही श्रद्धा तर इतकी पक्की आहे, की अनेकांच्या भुलेश्वरवारीचे तेच मुख्य आकर्षण असते. शिल्पांच्या अभ्यासकाला हे खटकते. परंतु शिल्पे ज्या काळात कोणी पाहत नव्हते त्या काळातही श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र यांच्या निमित्ताने डोंगर जागता ठेवला तो याच श्रद्धेने.

मैदानातून मात्र याच सुमारास दुसरी एक वर्दळ सुरू झाली होती. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याला आरंभ केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांचा सोहळा स्वतंत्रपणे उभा केला. पुण्यातून निघाल्यावर दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात आणि दोन्हींना हीच डोंगररांग ओलांडावी लागते. ज्ञानेश्वरांची पालखी रांगेच्या पश्चिम भागात दिवे घाट चढून सासवडला कऱ्हेकाठी उतरते. तुकारामांची पालखी रांगेला उजव्या हाताला ठेवत लोणी काळभोर, यवत, वरवंड, पाटस असे मैदानातून चालते, आणि रांग बुटकी होत गेलेल्या रोटीच्या घाटातून पलीकडे उंडवडी व बारामतीकडे जाते. यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचे जेवण असते आणि त्या गावाचे नाव त्या जेवणाशी कायमचे जोडले गेले आहे. तेथून भुलेश्वराचा डोंगर समोर दिसतो, पण सोहळा त्याच्याकडे वळत नाही. दिवे घाटातील चढण दरवर्षी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते, रोटीचा घाट वारकऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि या दोन घाटांच्या दरम्यानचा भुलेश्वर वारीच्या भूगोलात फक्त क्षितिज राहतो.

लोहमार्गानेही तोच सपाट पट्टा धरला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्यापासून दिकसाळपर्यंतचा फाटा १८५८ च्या अखेरीस सुरू झाला, आणि यवत, केडगाव, पाटस या गावांना स्थानके मिळाली. जो प्रवास बैलगाडीने दीड-दोन दिवसांचा होता तो काही तासांवर आला. सोलापूरकडे जाणारा मालाचा ओघ, पुढे १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाल्यावर उत्तरेशी जोडणी, आणि शतकाच्या अखेरीस केडगावात पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन, ही सारी या लोहमार्गाची फळे होत. पुण्याचा रहिवासी सकाळी गाडीत बसून यवतला उतरावा आणि पायी डोंगर चढून संध्याकाळी परत फिरावा, ही गोष्ट पहिल्यांदा शक्य झाली ती या मार्गामुळे. सहल ही कल्पना त्या अर्थाने स्थानकाइतकीच नवी आहे.

डोंगराच्या पायथ्याचे लोक मात्र तेव्हा सहलीच्या मनःस्थितीत नव्हते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन खतपत्रे, म्हणजे कर्जाचे लेखी दस्तऐवज, जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या उठावाची ही सुरुवात होती, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. दंगे शमतात न शमतात तोच १८७६–७८ चा दुष्काळ आला. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा रांगेच्या उत्तर पायथ्याने पाटसच्या परिसरापर्यंत आला. त्याच्या पाण्यावर भरणारा माटोबाचा तलाव दुष्काळी कामातून खोदला गेला, तर वरवंडच्या तलावाला राणीच्या नावाने व्हिक्टोरिया तलाव म्हणू लागले.

या कालव्याने जलविभाजकाचा अर्थ बदलून टाकला. निसर्गाने दोन्ही उतारांना पाऊस जवळजवळ सारखाच, म्हणजे सारखाच तुटपुंजा दिला होता. कालव्याने उत्तर बाजूला बारमाही पाणी दिले आणि दक्षिण बाजू कोरडीच ठेवली. भीमथडीत ऊस आला, गुऱ्हाळे आली, आणि विसाव्या शतकात पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कऱ्हेपठारावर बाजरी, ज्वारी आणि टँकर राहिले. भुलेश्वराच्या माथ्यावरून दिसणारे दृश्य सुंदर म्हणून वाखाणले जाते, पण एकीकडे हिरवी चौकट आणि दुसरीकडे भुरे माळ असा जो रंगभेद त्यात दिसतो त्याचा काही भाग पाटबंधारे खात्याने घडवलेला आहे, आणि डोंगराचे सौंदर्य सांगणाऱ्या लेखनात याचा उल्लेख सहसा येत नाही. अलीकडच्या दशकांत पुरंदर उपसा आणि जानाई-शिरसाई या योजनांनी, म्हणजे पंपांच्या बळावर पाणी चढवून नळांतून पुढे नेणाऱ्या उपसा सिंचनाने, उत्तरेचे पाणी रांगेच्या पलीकडे पोचवायला सुरुवात केली. विजेचे बिल आणि आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, यांवरून होणारे वाद हे या ओलांडणीचे आजचे घाट आहेत.

सडक थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेल्यापासून भेटीचे स्वरूप आणखी बदलले. पायी चढण ही पूर्वी यात्रेचा भाग होती. आता पुण्याहून सुमारे ५० किलोमीटरचे अंतर मोटारीने दीड-दोन तासांत कापून कुटुंबे येतात, शाळांच्या सहली येतात, आणि पावसाळ्यातल्या रविवारी अरुंद जिन्यात रांग लागते. देऊळ संरक्षित स्मारक असल्यामुळे नवे बांधकाम आणि रंगरंगोटी यांना बंधन आहे, तरी नित्यपूजेचे देवस्थान आणि पुरातन वास्तू या दोन भूमिकांची ओढाताण येथेही चुकत नाही. तेल, कुंकू, धूर आणि हजारो हातांचा स्पर्श यांचा परिणाम दगडावर होतोच. पण पूजा थांबली तर डोंगरावर येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे येणेच थांबेल, आणि निर्मनुष्य झालेल्या देवळांची महाराष्ट्रात काय गत होते हे सर्वज्ञात आहे.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि त्यांतील तुकाराम पालखी मार्ग हा राष्ट्रीय महामार्ग पाटसलाच सोलापूर महामार्गापासून फुटून रोटी, बारामती, इंदापूर असा जातो. रांगेच्या दोन्ही जुन्या ओलांडण्या अशा रीतीने राष्ट्रीय महामार्ग झाल्या. भुलेश्वरासाठी मात्र यवतजवळ महामार्ग सोडून दक्षिणेला वळावे लागते. दौंड तालुक्यातून निघालेला हा रस्ता माथ्यापाशी पुरंदर तालुक्यात शिरतो. बहुसंख्य भाविक आणि प्रवासी उत्तरेच्या मैदानातून येत असले, तरी डोंगराचे तालुक्याचे ठिकाण रांगेच्या पलीकडचे सासवड आहे.